टॉर्क पाना: ८५वर खरा, ३०वर थापाड्या

माझ्या २०१२च्या वॅगन आरच्या डिक्कीत स्टेपनीशेजारी एक लाल डबा असतो. त्यात दीड किलो वजनाचा, दीड फुटाचा टॉर्क रेंच आहे, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर नटावर आला की खट् करून सांगणारा पाना. गावात त्याचं नाव पडलंय ‘मॅडमचा खटक्याचा पाना’. घेऊन चौदा महिने झाले. २,४३० रुपयांना पडला. पार्सल आलं तेव्हा आमचे हे म्हणाले, “यात डीएपी खताच्या पावणेदोन थैल्या आल्या असत्या.” हिशोब बरोबर होता, म्हणून मी गप्प बसले.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच पाना, हाच डबा, हीच मूठ ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. २८ ते २१० न्यूटन-मीटर (पिळायचा जोर मोजायचं माप), नटावर बसणारी गोटी अडकवायला अर्धा इंची चौकोन, खटक्याचा. असा दिसला की समजा, हाच तो.

घ्यायची पाळी का आली ते आधी सांगते. मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीनंतर मी पांढरकवड्याहून घाटंजीकडे येत होते, कापसाचा चुकारा घेऊन. त्याच्या पंधरा दिवस आधी एका टायरच्या दुकानात चारही चाकं अदलाबदल करून घेतली होती. तिथल्या पोऱ्यानं हवेच्या गननं नट कसले, वरून पाना लावून त्यावर लोखंडी पाइप चढवला आणि पाइपावर उभा राहिला. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाला, “ढिल्लं राह्यलं तं चाक निंगून जाईन ना जी.” मला तेव्हा ते पटलं. चुकलं माझंच.

पंक्चर झालं ते नेमकं टिपेश्वरच्या जंगलाच्या अलीकडे, साडेपाचच्या सुमारास, उजेड उतरताना. लोक पैसे भरून, जिप्सी करून तिथं वाघ बघायला येतात. मला तो फुकटात नको होता. जॅक लावायच्या आधी नट सैल करायला गाडीसोबत आलेला पाना लावला आणि हातानं जोर केला, हललासुद्धा नाही. मग पान्याच्या टोकावर उभी राहिले. माझं वजन ५८ किलो. पान्याची दांडी फुटाला जरा कमी, २८ सेंटिमीटर धरा. म्हणजे नटावर जवळजवळ १६० न्यूटन-मीटर जोर पडत होता. (हे गणित अर्थात घरी येऊन केलं, तिथं फक्त देवाचं नाव घेत होते.) चारातला एकही नट सुटेना. शेवटी एक छोटा हत्ती थांबला, त्यात कापसाच्या गाठोड्यांवर दोघं बसले होते. त्यांच्याकडे पाइप होता. तीन नट ओरडत सुटले, चौथ्याचा स्टडच, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडाच, कडाड् करून तुटला. तीन नटांवर घरी आले, तीसच्या वेगानं.

घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं. चाकाच्या नटासाठी आकडा ८५ न्यूटन-मीटर. बस. ३० सेंटिमीटरच्या पान्याला टोकाशी २९ किलोंचा जोर दिला की होतात ८५. साधारण अंगाचा माणूस एका हातानं नीट ओढेल तेवढंच. आणि तो पोऱ्या? सत्तर किलोंचा धरला आणि पाइप साठ सेंटिमीटरचा, तर ४११. जवळजवळ पाचपट!

कापसाच्या गाडीवर नाडा आवळताना पाहिलाय ना? नाडा थोडा ताणला की माल धरून ठेवतो, जास्तच ताणला की कुठंतरी पिचतो आणि वाटेत तुटतो. चाकाच्या स्टडचं तसंच आहे. नट आवळताना स्टड केसभर ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या आखडण्यानंच रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दाबून राहते. मर्यादेच्या पलीकडे ताणला तर तो परत आखडत नाही, लांबलेलाच राहतो. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या खेपेला तुटतो, नाहीतर आटे जातात.

आता पान्याबद्दल.

कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, फोन करून एसटी स्टँडवर बोलावतो. तिथंच डबा उघडला. जाड प्लास्टिकचा डबा दिसायला छान आहे, पण एक कडी पहिल्याच महिन्यात तुटली, तेव्हापासून सायकलच्या ट्यूबचा रबर लावून बंद करते. आत पाना, एक एक्स्टेंशन आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलंय की पाना तपासला, अमुक अमुक आकड्यांना इतका इतका आला. वाचून बरं वाटलं. मग पाना उलटा करून त्यावरचा नंबर पाहिला, तर तो चिठ्ठीवरच्या नंबराशी जुळत नव्हता! दुसऱ्याच कुणाच्या पान्याची कुंडली मला पाठवलेली. विक्रेत्याला कळवलं, त्यानं “क्वालिटी सेम आहे” असं उत्तर दिलं.

आकडे वाचायला थोडी सवय लागते. नळीवर उभ्या रेघा आहेत २८, ४२, ५६, ७०, ८४ अशा, चौदाच्या पाढ्यानं. मूठ फिरवली की मधले आकडे मुठीच्या कडेवर येतात. म्हणजे ८५ लावायचे तर ८४च्या रेघेपर्यंत जायचं आणि वर एक. रेघांतला पांढरा रंग इतका फिका आहे की सावलीत मोबाइलचा उजेड पाडावा लागतो. मी पांढरं नेलपॉलिश भरून वरून पुसून घेतलं, आता स्वच्छ दिसतं.

नळीच्या दुसऱ्या बाजूला फूट-पौंडाचे आकडे आहेत. घाईत त्या बाजूनं ८५ लावले तर होतात ११५ न्यूटन-मीटर. मी त्या बाजूवर काळी चिकटपट्टी मारून टाकली. ज्यांच्या मॅन्युअलमध्ये किलोग्राम-मीटर आहेत त्यांनी ९.८नं गुणावं, ८.५ म्हणजे आपले ८३-८५.

चिठ्ठीवर भरवसा उरला नव्हता, म्हणून पाना स्वतः तपासला. मी जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. सहावीला साधी यंत्रं शिकवताना तरफ येते, आणि पाना ही तरफच. रविवारी वेल्डिंगच्या दुकानातल्या व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) पान्याचा चौकोन पकडला, पाना आडवा, जमिनीला समांतर. चौकोनाच्या मध्यापासून मुठीवरच्या खुणेपर्यंत बरोबर ४० सेंटिमीटर. तिथं दोरीनं किराणा दुकानातली पाच-पाच किलोंची तीन मापं टांगली आणि खाली बादली. वर्गातली तीन पोट्टी आली होती, एक पाणी ओतायला, एक लिहायला आणि एक उगाच. खटका येईपर्यंत तांब्यानं पाणी ओतायचं, मग सगळं काढून तूर मोजायच्या हुकाच्या काट्याला लावायचं. पाच वेळा केलं.

८५ लावल्यावर खटका आला साडेएकवीस किलोंच्या आसपास. त्याचे होतात ८४, त्यात पान्याच्या स्वतःच्या वजनाचे तीन मिळवा, ८७. पावणेतीन टक्क्यांचा फरक. अशा पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे जे मानक आहे त्यात अधिक-उणे चार टक्के चालतात. म्हणजे चाकाच्या कामाला हा पाना चोख. मला खरंच आनंद झाला, चिठ्ठी खोटी असली तरी माल खरा.

मग हावरटपणा केला आणि ३०वर लावून पाहिला. इथं खटका यायला हवा होता सातेक किलोंना. आला साडेआठ किलोंना, म्हणजे ३६. एकदा तर खटका आला की नाही यावर पोरांचं भांडण लागलं, इतका तो दबका. पाचव्या भागापेक्षा जास्त थाप! आणि हे फक्त याच पान्याचं नाही. आत एक स्प्रिंग असते, मूठ फिरवली की ती दाबली जाते, आणि तेवढा जोर आला की आतला तुकडा घसरून खट् करतो. स्प्रिंग जवळजवळ सैलच असेल तर घसरण्यातलं घर्षणच भारी पडतं. म्हणून मोजणीचे हे पाने वरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याखाली धरायचे नसतात. २१०चा पाचवा हिस्सा ४२. मग नळीवर २८ कशाला कोरलेत, ते कोरणाऱ्यालाच माहीत.

याचा त्रास कुठं होतो, तर ऑइल बदलताना. माझ्या गाडीच्या ऑइल पॅनच्या बोल्टला ३५ लागतात. स्पार्क प्लगना त्याहूनही कमी. जाहिरातीतल्या फोटोत एक माणूस याच पान्यानं प्लग कसताना दाखवलाय. त्याच्या इंजिनाची मला काळजी वाटते. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की हेड उतरवायची पाळी येते.

ऑइलचा बोल्ट मी अजूनही रिंग पान्यानंच कसते, पण अंदाजानं नाही. २० सेंटिमीटरचा रिंग पाना असेल तर ३५साठी टोकाला अठरा किलो ओढ लागते. पान्याच्या टोकाला तोच तुरीचा काटा अडकवते आणि १८ दिसेपर्यंत काटकोनात ओढते. वायसर दरवेळी नवा. एकदा एका गॅरेजमध्ये या बोल्टचे आटे मारून झालेत, नंतर महिनाभर अंगणात ऑइलचा ठिपका पडायचा आणि कोंबड्या त्यात पाय भरवून ओट्यावर यायच्या.

मग काटाच होता तर पाना कशाला, असं विचाराल. काटा घरी चालतो. रस्त्याच्या कडेला मे महिन्यात, डांबर पाघळत असताना, काटकोन साधत २९ किलो ओढून बघा.

वापरताना मी जे पाळते ते असं. आटे तारेच्या ब्रशनं साफ करून कोरडे ठेवायचे. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकात भरते आणि उन्हाळ्यात तिची वीट होते, ती खरवडल्याशिवाय आकडा खरा येत नाही. तेल-ग्रीस लावलं तर नट सहज फिरतो, त्याच ८५ला स्टड जास्त ताणला जातो. पण मेकॅनिक लोकांना तेल लावल्याशिवाय चैन पडत नाही. नट आधी साध्या पान्यानं टेकवायचे, समोरासमोर, मग गाडी जॅकवरून उतरवून चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क पाना. मुठीच्या मध्यावर हात, सावकाश ओढ, खट् झालं की थांबायचं. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत एकदा खटका बघायचा. नट सोडायला हा पाना कधीही वापरायचा नाही, त्यासाठी टॉमी (गोटी फिरवायची दांडी) आणि नाशिकच्या तापारियाची १९ची गोटी आहे, ती आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरच्या डब्यातली, अजून ठणठणीत.

काम झालं की मूठ उलटी फिरवून २८वर आणून ठेवायची, नाहीतर स्प्रिंग दबून बसते. हे मी झाकणाच्या आत मार्करनं लिहिलंय. तरी शेजारचे काका बोलेरोसाठी घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत दिला तो १६०वर, ग्रीसनं माखलेला. परत व्हाइस, परत बादली. ८५ला ८८ आला, अजून चारच्या आत. पण आता उसना देत नाही, स्वतः सोबत जाते.

घ्यावा का? घरी चाकं काढायची हौस असेल तर नक्की, एका स्टडच्या मजुरीत आणि एका संध्याकाळच्या भीतीत निम्मे पैसे वसूल. ऑइल आणि प्लगसाठी म्हणून घेत असाल तर याला हात लावू नका, तीन-अष्टमांश इंची लहान पाना येतो तो बघा. मी तो पुढच्या पगाराला घेईन, यांना अजून सांगितलं नाही.

आमच्या फाट्यावरचे पंक्चरवाले भाऊ सुरुवातीला हसायचे. “गन असताना हे खेळणं काहून जी मॅडम?” आता मी गाडी लावली की गननं नट नुसते टेकवतात आणि स्वतःच डब्याचा रबर काढतात. पाना धरतात अगदी नवरदेवाच्या तलवारीसारखा. खट्. मग लगेच दुसऱ्यांदा ओढतात, परत खट्. मी दरवेळी सांगते, भाऊ, पहिल्या खटक्याला झालं, दुसरा कशाला?

“पयला गाडीचा जी मॅडम. दुसरा माह्या समाधानाचा.”