कर्म कुणाचं, जाब कुणाला? ऑडिओ कोर्सचा रिव्ह्यू

इस्लाममधल्या कर्मस्वातंत्र्याच्या वादावरचा हा ऑडिओ कोर्स घेतला आणि पैसे अगदी वसूल झाले. इराकमधल्या बसऱ्याचे मुतझिला, म्हणजे तर्कावर भर देणारे इस्लामी विचारवंत, म्हणतात माणूस आपलं कृत्य स्वतः घडवतो, नाहीतर अल्लाहने शिक्षा देणं न्यायाचं कसं, हे लगेच पटलं. मग त्यांच्यातूनच फुटलेला धर्मपंडित अशअरी येतो, म्हणतो कृत्य निर्माण करतो अल्लाह, माणूस ते फक्त कमावतो, आपल्या नावावर घेतो, म्हणजे 'कस्ब', आणि उदाहरण काय तर आजाराने थरथरणारा हात अन् आपण मुद्दाम हलवलेला हात, फरक आपल्यालाच आतून कळतो ना! हा भाग जबरदस्त. समरकंदचा धर्मपंडित मातुरीदी (मृत्यू 944) मात्र घाईत उरकलाय, माणसाच्या निवडीला जास्त जागा देणारा तो, त्याला अजून वेळ द्यायलाच हवा होता. अरबी नावं सावकाश सांगतात, नवख्यांनाही जमेल.