कणकेचे लाडू : पिठीसाखरेचे की गुळाचे?

भाजणी दोन्हींची सारखीच. २ वाट्या जाडसर कणीक, पाऊण वाटी साजूक तूप, मंद आच, २० ते २५ मिनिटं. खमंग वास सुटला आणि कढईच्या कडेला तूप दिसू लागलं की गॅस बंद. घाईने मोठ्या आचेवर भाजलेली कणीक वरून लाल दिसते, पण आतून कच्ची राहते आणि लाडू टाळूला चिकटतो.

साखरेचे लाडू सोपे. कणीक कोमट झाल्यावरच १ वाटी पिठीसाखर चाळून मिसळायची. गरम कणकेत घातली तर साखर विरघळते, मिश्रण सैल पडतं आणि गार झाल्यावर लाडू दगडासारखे होतात. वळताना फुटत असतील तर चमचाभर पातळ तूप घाला. दुधाचा हात लावू नका, लाडू लवकर खराब होतात.

गुळाचं तंत्र वेगळं. चिक्कीचा गूळ नको, साधा मऊ गूळ बारीक चिरून १ वाटी घ्या. चमचाभर तुपात मंद आचेवर फक्त विरघळवा. कडेला पहिले बुडबुडे दिसताच उतरवा. त्यापुढे पाक होतो आणि लाडू कडक. हा गूळ गरम कणकेतच ओता आणि हाताला सोसवेल तितक्या गरमपणी भराभर वळा. मिश्रण गार होऊन मोकळं झालं तर कढई मंद आचेवर मिनिटभर ठेवा.

पहिल्यांदाच करत असाल तर साखरेचे करा. चवीला मात्र गुळाचेच सरस, त्यात चिमूटभर जायफळ हवंच.