उद्यमबागेत करून घेतलेलं हेड फेसिंग, आणि टर्बो गाडीचं कॉम्प्रेशन

माझी गाडी फियाट लिनिया टी-जेट. १३६८ सीसी, टर्बो पेट्रोल. फियाटच्या नव्या गाड्या भारतात मिळेनाशा झाल्या तरी ही गाडी विकायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. खानापूरहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला उतरायचं आणि साखळीहून परत घाट चढायचा, हा माझा नेहमीचा रस्ता. घाटात बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर) भरला की गाडी सुरेख ओढते. पण वळणावर वेग मोडला आणि आरपीएम खाली आला की क्षणभर दम जातो, तो मला कायम खुपायचा.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं धातूचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपायला लागलं तेव्हा हेड उतरवावंच लागणार होतं. मग फेसिंग करताना, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग तासून सपाट करतानाच कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा वर आल्यावर कितव्या हिश्श्याला दाबली जाते तो आकडा) थोडा वाढवून घ्यावा, म्हणजे खालच्या आरपीएमलाही जरा जोर मिळेल, असं मी ठरवलं. बेळगावात उद्यमबागेत लेथ, फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या शेडांच्या मधोमध हेड-ब्लॉकचं काम करणारं एक जुनं वर्कशॉप आहे. तिथल्या मिस्त्रींनी, म्हणजे सगळ्यांच्या मामांनी, नाव लिहू नका म्हणून बजावलंय, हातातलंच काम उरकत नाही म्हणे. तिथल्या कुठल्याही स्पेअरवाल्याला हेड फेसिंगचं विचारा, तो बरोबर त्याच शेडात पाठवेल.

मी म्हटलं, ‘मामा, ९.८ आहे, १०.५ करून द्या.’ मामा म्हणाले, ‘कशाला ओ ताई? टर्बोच्या गाडीला?’

मग त्यांनी शेडातल्या फळीवर खडूने हिशोब मांडला. बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४, म्हणजे एका सिलिंडरचे ३४२ सीसी. ९.८ रेशोला पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३८.९ सीसी. १०.५ हवा असेल तर ती ३६ वर आणायची, म्हणजे हेड जवळजवळ पाऊण मिलिमीटर तासायचं. तेवढं तासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि पुढच्या वेळी फेसिंगला धातूच उरत नाही. एवढं करून मिळतं काय? घरी आल्यावर मी ऑटो सायकलच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या सूत्रात आकडे घालून पाहिले. ९.८ वरून १०.५ वर गेलं तर आदर्श कार्यक्षमता दोन टक्केही वाढत नाही. १० वर थांबलं तर जेमतेम अर्धा टक्का.

आणि टर्बोत धोका दुप्पट. टर्बो हवा आधीच दाबून, तापवून आत ढकलतो. तिला पिस्टनने आणखी दाबलं की ठिणगीने लागलेली ज्योत शेवटपर्यंत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, तेच नॉकिंग. नॉक सेन्सरला ते कळलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. कॉम्प्रेशन वाढवून कमावलेलं तिथेच जातं, वर एक्झॉस्ट जास्त तापतं. मग बूस्ट कमी करा, नाहीतर कायम जास्त ऑक्टेनचं, लवकर नॉक न होणारं पेट्रोल शोधत फिरा. खानापूर तालुक्यातल्या आतल्या पंपांवर ते मिळेलच असं नाही.

असं सहसा कुणी सांगत नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना कमी तासा म्हणणारा माणूस मला फार मोलाचा वाटला.

खरं काम त्यांनी पुढे दाखवलं. हेड उलटं ठेवलं, स्पार्क प्लग लावला, चेंबरच्या (हेडमधल्या, मिश्रण जळतं त्या पोकळीच्या) कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी बसवली आणि ब्यूरेटने (खुणा असलेल्या काचेच्या नळीने) तेल सोडून चारही चेंबर मोजले. शेडातला पोरगा कन्नडमध्ये आकडे ओरडायचा, मामा मराठीत लिहून घ्यायचे. एक चेंबर बाकीच्यांपेक्षा अर्धा सीसी लहान निघाला. कार्बन साचला होता, व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटही कमी-जास्त झिजल्या होत्या. सीट कापून, व्हॉल्व्ह घासून चारही सारखे केले आणि मग फक्त ०.२ मिमी फेसिंग. हिशोबाने रेशो १० च्या आसपास. गॅरेजात हेड बसवून बघताना पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवलं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजून व्हॉल्व्हचं अंतर तपासलं. हेड खाली आलं की कॅमचं टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) किंचित मागे पडतं, म्हणून कॅम जागेवर धरणारं लॉकिंग टूल लावूनच टायमिंग बेल्ट चढवायचा, हे मामांनी माझ्या गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं. सगळ्यांत जास्त मला हेच आवडलं.

गाडी आता खालच्या आरपीएमला एकसारखी चालते, घाटातल्या वळणांतून उठताना धक्का नाही. याचं बरंचसं श्रेय चेंबर सारखे झाल्याला आणि व्हॉल्व्ह नीट बसल्याला आहे, रेशोला थोडंच.

एक गोष्ट मात्र बेळगावकरांनी ध्यानात ठेवावी. आपण अडीच हजार फुटांवर राहतो, इथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी आणि हवाही गार. अशा हवेत नॉकिंग कमी होतं, म्हणून इथे झालं नाही तरी निर्धास्त होऊ नका, खाली गोव्याच्या गरम हवेत तपासा. मी ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावून मे महिन्याच्या दुपारी साखळीहून चढ चढले आणि इग्निशनचे आकडे बघितले. तिथे टायमिंग जागेवर राहिलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. १०.५ ला तसं राहिलं असतं, असं मला वाटत नाही.

उणीव म्हणाल तर वेळ. सांगितलेल्या दिवशी हेड मिळत नाही, फोन उचलत नाहीत, पावती मागून घ्यावी लागते. ईसीयू मॅपिंग, म्हणजे ईसीयूतल्या सेटिंग बदलणं, ते करत नाहीत, बूस्ट वाढवायचा असेल तर दुसरीकडे जावं लागेल. मजुरी वाजवी आहे. गॅस्केट आणि नव्या हेड बोल्टलाच माझे त्याहून जास्त पैसे गेले. जुने बोल्ट परत वापरतो म्हटलं तर मामा हेडला हात लावत नाहीत.

नेताना हेड धुऊन न्या, नवं गॅस्केट बरोबर ठेवा म्हणजे जाडी मोजता येते, आणि सकाळी दहाच्या आत पोचा. त्यानंतर ट्रॅक्टरचे हेड रांगेला लागतात.