भटारखान्याची चित्रे आणि २४ खडूंचा डबा

दादरच्या एका उपाहारगृहात मी तीन वर्षे मोरीवर भांडी घासली आणि त्याच काळात तिथल्या माणसांची चित्रे काढू लागलो. तेव्हापासून मी एका जुन्या कंपनीचे ऑइल पेस्टल, म्हणजे तेलकट खडू, वापरतो आहे. शाळकरी मुलांसाठी म्हणून विकला जाणारा हा २४ छटांचा डबा अशा चित्रांना पुरतो का, एवढेच मला सांगायचे आहे.

जलरंग मी आधी वापरून पाहिले होते. बारा तास उभे राहून मध्यरात्री टेबलांच्या मध्ये अंथरूण टाकणाऱ्याला रंग वाळेपर्यंत जागणे जमत नाही. शिवाय साबणाच्या पाण्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की बारीक ब्रश धरवत नाही. खडू मुठीत धरता येतो आणि झोप अनावर झाली की डबा बंद करून उशाशी ठेवता येतो.

जपानमधील साकुरा कंपनीने १९२५ मध्ये असे खडू मुलांसाठीच आणले; चित्रकारांसाठी सेनेलिये कंपनीने ते १९४९ मध्ये पॅरिसमध्ये तयार केले. शालेय खडूंत मेण अधिक आणि रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे गडद रंगासाठी थरावर थर द्यावे लागतात. भटारखान्याच्या चित्राला मात्र हे थरच उपयोगी पडतात. आधी पिवळा आणि नारिंगी, त्यावर काळा असा जाड थर देऊन मी तो दातकोरणीने खरवडतो. काळ्याखालून भट्टीचा जाळ वर येतो आणि कढईच्या काठावरची काजळी तशीच राहते. हा परिणाम मला दुसऱ्या कोणत्याही रंगात साधलेला नाही.

उणिवाही आहेत. डब्यात तपकिरी छटा दोनच असल्याने भट्टीपुढे तापलेल्या माणसाच्या कातडीचा रंग लाल आणि काळा मिसळून करावा लागतो, तो हमखास मळकट होतो. पांढरा खडू सर्वांत आधी संपतो, कारण वाफ आणि ॲल्युमिनियमची पातेली त्यावरच उभी असतात. मे महिन्यात खडू इतके मऊ होतात की कागदी वेष्टन सोलताना हातात तुकडा येतो. या खडूंतले तेल न वाळणारे असल्यामुळे चित्र कधीच पूर्ण सुकत नाही. वर बटर पेपर ठेवावाच लागतो. बिलाचे पाठकोरे कागद सरावापुरते ठीक, पण दुसऱ्या थराला फाटतात. जाड, खरखरीत कागद घ्यावा. पैसे थोडे असतील तर खडूंपेक्षा आधी कागदावर खर्च करावे.

आमच्या भटारीदादांचा पुऱ्या तळतानाचा उजवा हात मी याच डब्यातून काढला होता. मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग पाहून त्यांनी विचारले, "हा माझाच ना रे?" सुट्टीवर गावी जाताना त्यांनी ते चित्र मागून घेतले आणि बटर पेपरसकट पिशवीच्या तळाशी, घडी न घालता ठेवले.