सांतोकू सुरी: आठ महिन्यांचा वापर आणि दीड मिलिमीटरचा टवका

गेल्या महिन्यात लाल भोपळा चिरताना माझ्या सांतोकू या जपानी स्वयंपाकाच्या सुरीच्या धारेचा दीड मिलिमीटरचा टवका उडाला, आणि आठ महिने लांबणीवर टाकलेला हा अनुभव लिहायला अखेर मुहूर्त लागला. तोक्योच्या काप्पाबाशी या भांडीबाजारात २१० मिलिमीटरची ग्युतो (लांब, टोकदार जपानी शेफ सुरी) घ्यावी की १७० मिलिमीटरची सांतोकू, यावर मी तासभर घोळ घातला होता. तोक्योतल्याच निशी-कासाई भागातल्या आमच्या घरी ओट्यावर भाजी चिरायची फळी ठेवली की ताटाला जागा उरत नाही, म्हणून आखूड सांतोकू घेतली आणि तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

पहिले सहा महिने कौतुकातच गेले. चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीच्या कडा काळ्या पडत नसत, आणि पिकलेल्या टोमॅटोवर पाते नुसते टेकवून ओढले तरी साल फाटण्याऐवजी कापली जाई. मांस, मासे आणि भाज्या ही तिन्ही कामे एकटीने करते म्हणून तिला सांतोकू, म्हणजे ‘तीन गुण’, हे नाव पडले. मात्र तिची धार जवळजवळ सरळ असल्याने टोक टेकवून झुलवत चिरता येत नाही; पाते पुढे ढकलत खाली न्यावे लागते.

आता टवक्याविषयी. पात्याच्या गाभ्यातले व्हीजी-१० हे पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असते, तर जर्मन सुऱ्या साधारण ५६ ते ५८ च्या घरात असतात. कठीण पोलाद धार टिकवते, पण आडवा जोर पडला की वाकण्याऐवजी तुटते. भोपळ्यात अर्ध्यावर अडकलेले पाते मी हात पिळून सोडवायला गेलो आणि बारीकसा ‘टिक्’ असा आवाज आला. तुकडा काही केल्या सापडेना, त्यामुळे अख्खा भोपळा टाकावा लागला, याचे दुःख वेगळेच.

सुरी कापडात गुंडाळून, खोक्यात घालून दुकानात नेली. सहा सेंटिमीटरहून लांब पाते सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे इथे गुन्हा असल्यामुळे ट्रेनमध्ये धाकधूक होतीच. दुकानदाराने अत्यंत नम्रपणे सांगितले की हमीत टवके बसत नाहीत, दुरुस्तीला तीन हजार येन आणि दोन आठवडे लागतील. चौदा हजारांच्या सुरीसाठी आणखी तीन हजार! त्या संध्याकाळी लिहायला बसलो असतो तर एकच तारा दिला असता.

पण घरी आल्यावर मूळ डब्यातली चिठ्ठी प्रथमच नीट पाहिली. तिच्यावर हाड, गोठवलेले अन्न आणि भोपळा यांची चित्रे काढून फुल्या मारलेल्या होत्या. मग त्याच तीन हजारांत एका बाजूला ४०० (भरड) आणि दुसऱ्या बाजूला १००० (बारीक) क्रमांकाचा, धार लावायचा दगड आणला, दहा मिनिटे पाण्यात भिजवला आणि सुमारे १५ अंशांचा कोन धरून, पलीकडच्या अंगाला नखाला अडेल अशी बारीक कड वळेपर्यंत पाते घासत राहिलो. पहिल्या दिवशी कोन सारखा हलत होता आणि पात्याच्या अंगावर ओरखडे उठले ते उठलेच. तिसऱ्या रविवारी मात्र टोमॅटो पुन्हा पूर्वीसारखा कापला गेला.

आता चार तारे देतो. पाचवा त्या भोपळ्यापायी कापला आहे. भोपळा हल्ली तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून जुन्या, स्वस्त सुरीने चिरतो. सांतोकूच्या धारेवर अजून केसभर खाच उरली आहे, ती आणखी दोन वेळा घासल्यावर जाईल.