व्यवहाराने जुळलेले लग्न: जॉर्जेट हेयर यांची ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’

कादंबरी उघडते तेव्हा नायक वडिलांच्या कर्जाचे कागद पुढे घेऊन बसलेला असतो. नृत्य नाही, झुंबरे नाहीत, पंख्याआडून कोणी पाहत नाही. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यात स्पेनमध्ये लढून आलेला कॅप्टन अ‍ॅडम डेव्हरिल वडिलांच्या मृत्यूमुळे व्हायकाउंट लिंटन, म्हणजे उमराव, झाला आहे. पदवीबरोबर त्याच्या वाट्याला लिंकनशरमधील फाँटली हा जुना वाडा, गहाण पडलेल्या जमिनी, अविवाहित बहिणी आणि आपल्या दुःखाचा सतत पाढा वाचणारी आई हेही आले आहे. जॉर्जेट हेयर यांची १९६१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी हलक्याफुलक्या मनोरंजनाच्या अपेक्षेने हाती घेतली होती, आणि परंपरागत रीजन्सी कादंबरीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील उच्चभ्रू समाजात घडणाऱ्या प्रेमकथेची, गोडी नेमकी कशात आहे याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला तिच्यातच मिळाले. माझ्या मते ती गोडी नृत्यगृहांपेक्षा नियमांत आणि पैशांत आहे.

कथानक थोडक्यात असे. अ‍ॅडमचे प्रेम आहे ज्युलियावर, जी सुंदर, भावुक आणि त्याच्याच वर्गातली आहे. पण तिच्याशी लग्न केल्यास फाँटली विकावे लागणार. ज्युलियाचे वडीलच त्याला दुसरा मार्ग सुचवतात: लंडनमधील गडगंज व्यापारी जोनाथन चॉली यांना एकुलत्या एका मुलीसाठी उमरावाची पदवी असलेला जावई हवा आहे. ही मुलगी, जेनी, दिसायला साधी, अंगाने जाडसर, बोलण्यात रोखठोक आणि ज्युलियाची शाळेतली मैत्रीण आहे. अ‍ॅडम व्यवहार म्हणून लग्न करतो. अशा कथांत लग्न बहुधा शेवटच्या पानावर होते. येथे ते बरेच आधी होते, आणि पुढची सगळी कादंबरी दोन संकोची माणसे एका घरात एकमेकांना सरावतात कशी, एवढेच सांगते.

या गोष्टीला वजन येते ते काळामुळे. तिसरा जॉर्ज राजा मनाच्या आजाराने राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर त्याच्या मुलाने १८११ ते १८२० या काळात त्याच्या वतीने रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधी, म्हणून कारभार पाहिला. तोच खरा रीजन्सी काळ. लग्न होताच बायकोची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई, म्हणून लग्नाआधीचा करारनामा वकील ओळीओळीने घासून पाहत. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचे तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे जवळजवळ कोणालाच ते शक्य नव्हते. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार परवान्याने लग्न करणाऱ्या एकवीस वर्षांखालील मुलामुलींना पालकांची संमती लागे, आणि म्हणूनच या कथांतील उतावळी जोडपी हा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना ग्रीन या गावाकडे घोडागाडी पिटाळतात. चूक दुरुस्त करण्याची सोय नसलेल्या जगात कोणी कोणाबरोबर सलग तीन वेळा नृत्य केले, ही क्षुल्लक बाब राहत नाही. नियम जितके काटेकोर, तितके एखादे वाक्य अर्धवट सोडणेही बोलके होते. आणि शयनगृहाचे दार वाचकापुढे बंद ठेवण्याचा या परंपरेचा रिवाज मला सोवळेपणाचा वाटत नाही, कारण त्यामुळेच लेखिकेला सगळी जवळीक दिवाणखान्यात आणि जेवणाच्या टेबलावर दाखवावी लागते.

हेयरबाई ती कशी दाखवतात हे पाहण्यासारखे आहे. जेनीचे अ‍ॅडमवर आधीपासून प्रेम आहे, आणि ते त्याला कळता कामा नये याची ती कमालीची काळजी घेते, कारण कळले तर त्याला ओशाळल्यासारखे होईल. म्हणून ती त्याच्या आवडीनिवडी मुकाट्याने टिपते, घर त्याच्या सोयीने चालवते आणि आपल्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये अशा बेताने बाजूला राहते. लग्नानंतर एका मोठ्या समारंभात ज्युलियाला अ‍ॅडम अचानक समोर दिसतो आणि ती चक्कर येऊन कोसळते, तेव्हा चारचौघांत बोभाटा होऊ नये म्हणून पुढे सरसावते ती जेनीच. त्या प्रसंगात कोणी मनातले काही बोलत नाही. तरीही आतापर्यंत ज्युलियासाठी हळहळणारा वाचक येथे नकळत बाजू बदलतो. माझे तरी तसेच झाले.

सासरेबुवा चॉली हे या पुस्तकाचे वैभव. पैशाने सर्व काही विकत मिळते असे मानणारा, जावयावर भेटींचा मारा करून त्याचा जीव नकोसा करणारा हा गृहस्थ चिनी मातीचे नाजूक भांडे हातात घेतो तेव्हा एकदम हळवा होतो. त्याचे उपकार घ्यावेत तर स्वाभिमान दुखावतो, नाकारावेत तर माणूस दुखावतो; अ‍ॅडमची ही कोंडी प्रेमकथेपेक्षाही मला जास्त खरी वाटली.

आणि मग जून १८१५. १८ तारखेला नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूची लढाई झाली, पण वेलिंग्टनचा खलिता घेऊन मेजर हेन्री पर्सी फ्रेंच पलटणींकडून जिंकलेली दोन गरुडचिन्हे मिरवत लंडनला पोहोचला तो २१ तारखेच्या रात्री. मधल्या दिवसांत शहरात पराभवाच्या वावड्या उठल्या होत्या. कादंबरीत चॉली जावयाला सरकारी रोखे भाव कोसळण्याआधी ताबडतोब विकून टाक असे निक्षून सांगतो. अ‍ॅडम वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला, तो उलट असेल नसेल ते पणाला लावून रोखे विकत घेतो. प्रेमकथेचा सर्वांत चित्तथरारक प्रसंग सरकारी रोख्यांच्या खरेदीचा असावा, हे मला याआधी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. हेयरबाई काळाचे तपशील, पोशाख आणि बोलीतील शब्द वह्यांत टिपून ठेवत; येथे त्या अभ्यासातूनच कथानकाची कळ फिरते.

उणिवाही आहेत. त्या काळातील उच्चभ्रूंची खास बोली इतकी दाट आहे की सुरुवातीची प्रकरणे अडखळत वाचावी लागतात. शेतीसुधारणांच्या चर्चा लांबतात. व्यापाऱ्याच्या राहणीवर उमरावांच्या नजरेतून केलेला विनोद काही ठिकाणी बोचतो, आणि ज्यांच्या श्रमांवर हे वाडे उभे आहेत ते नोकरचाकर व कुळे कथेच्या कडेलाच राहतात. ज्युलियावर मात्र लेखिकेने सरळ अन्याय केला आहे असे मी म्हणेन. तिच्या दुःखाला इतके नाटकी ठरवण्याची गरज नव्हती.

या प्रकारातले पहिलेच पुस्तक वाचणाऱ्याने याच लेखिकेच्या एखाद्या खेळकर कादंबरीपासून सुरुवात करावी आणि मग इकडे वळावे. झपाटून टाकणारे प्रेम हवे असेल तर हे पुस्तक निराश करील, कारण अ‍ॅडम जेनीच्या प्रेमात पडला तो नेमका कोणत्या पानावर, हे मला दुसऱ्या वाचनातही सापडलेले नाही.