घरच्या भाजीपाल्याला ठिबक: नळावरचं की टाकीवरचं, ड्रिपर की इनलाइन?

ठिबक करायचं ठरलं की बहुतेक जण आधी कुंड्या मोजतात. कुंड्या इतक्या, म्हणजे ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या) इतके, म्हणजे नळी इतकी. मीही तसंच केलं होतं. पाइप अंथरला, ड्रिपर टोचले, ड्रमचा कॉक उघडला. आठवड्याभरात ड्रमजवळच्या टोमॅटोखाली चिखल झाला आणि टोकाच्या मिरच्यांनी माना टाकल्या. ड्रिपर सगळे चांगले होते. पाण्याला जोर किती आहे, हेच बघितलेलं नव्हतं. म्हणून कुठला संच घ्यायचा याआधी पाणी कुठून घ्यायचं ते ठरवा.

नळ की टाकी

दाबाचं गणित सोपं आहे. पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. स्टुलावरच्या ड्रममधलं पाणी 1 मीटर उंचीवर असेल तर मिळतो 0.1 बार. पुडक्यावर छापलेला ‘ताशी 4 लिटर’ हा आकडा मात्र सहसा 1 बारचा असतो. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतं. म्हणजे दाब दहापट उतरला तर पाणी तिपटीने कमी होतं, ताशी सव्वा लिटरच्या आसपास. त्याने काही बिघडत नाही, कॉक जास्त वेळ उघडा ठेवायचा.

बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. ड्रमवर चालणाऱ्या ठिबकमध्ये एखादी कुंडी 30 सेंटीमीटर उंच कट्ट्यावर ठेवली, की तिच्या ड्रिपरचा दाब जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. नळाच्या 1 बार दाबावर तोच कट्टा लक्षातही येत नाही. त्यात ड्रम रिकामा होत जातो तसतसा जोर आणखी ओसरतो. टाकीवर करायचं असेल तर सगळ्या कुंड्या एका पातळीत हव्यात, मुख्य नळी 16 मिलिमीटरची आणि लांबीने आखूड हवी, आणि ड्रिपर साधेच घ्यायचे. ‘दाब नियंत्रित’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या ड्रिपरमध्ये रबरी पडदा असतो. त्याला नीट काम करायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. ड्रमवर तो पैसा वाया. नळावर, आणि विशेषतः पायऱ्या-पायऱ्यांनी कुंड्या मांडल्या असतील तर, हेच ड्रिपर सगळ्यात चांगले.

तरी टाकीची एक बाजू मला फार पटते. नळी निसटली तर जाईल ते ड्रमभर पाणी. नळावरची नळी निसटली आणि घरी कोणी नसेल, तर पाणी कुठपर्यंत जाईल याचा नेम नाही. नळाचा दाब जास्त असेल तर 4 मिलिमीटरच्या बारीक नळ्या जोडातून सुटतातच. म्हणून नळावर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायचा, आणि ती लाइन पिण्याच्या पाण्याची असेल तर एनआरव्हीही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. नाहीतर नळाचा दाब गेला की कुंडीतलं गढूळ पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. याच कारणाने ड्रिपर मातीत खुपसून ठेवू नये, मातीच्या जरा वर असू द्यावा.

कुंड्यांना ड्रिपर, वाफ्याला इनलाइन

इथे फार विचार करायला नको. सुट्या कुंड्या असतील तर 16 मिलिमीटरच्या नळीतून बारीक नळ्या काढून प्रत्येकीला ड्रिपर. सलग वाफा असेल तर ड्रिपर आतच बसवलेली इनलाइन नळी. वाफ्यावर सुटे ड्रिपर टोचत बसणं म्हणजे उगाच कष्ट, आणि कुंड्यांवरून इनलाइन नेली तर निम्मं पाणी दोन कुंड्यांच्या मधल्या फरशीवर.

इनलाइन घेताना अंतर जमिनीवर ठरतं. वाळूसर मातीत पाणी मुळ्यासारखं सरळ खाली उतरतं, तिथे 20 सेंटीमीटरवर ड्रिपर हवेत. भारी मातीत ओलावा कांद्यासारखा आडवा फुगतो, तिथे 40 चालतात. मधल्या मातीला 30. तीन मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद वाफ्यात तीन नळ्या टाकल्या, 30 सेंटीमीटरवर ताशी 2 लिटरचे ड्रिपर असले, तर तीस ड्रिपरमधून तासाला 60 लिटर पाणी पडतं. कडक उन्हातही अशा वाफ्याला वीसेक मिनिटं पुरतात. फोकून पेरलेल्या पालेभाज्यांना मात्र यातलं काहीच बरोबर लागू पडत नाही. उगवण होईपर्यंत तिथे झारीच बरी.

कुंडीत लोकांची फसगत वेगळी होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली माती भुसभुशीत असते, त्यामुळे एका ड्रिपरचं पाणी एका बाजूने सरळ तळाच्या भोकातून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं पोटभर झालं, आणि दुसऱ्या बाजूची पांढरी मुळी कोरडी. मोठ्या कुंडीत समोरासमोर ताशी 2 लिटरचे दोन ड्रिपर लावा आणि अर्धा तास सलग सोडण्याऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन पाळ्या करा. पाणी तेवढंच, दोन लिटर, पण मातीत मुरतं. फळावर आलेल्या टोमॅटोला उन्हाळ्यात एवढं लागतं. रोप लहान असताना यातली एकच पाळी पुष्कळ झाली.

फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपर दिसायला सोयीचे असतात. पण पाणी कमी करायला ते आवळले की फट इतकी बारीक होते की कचऱ्याचा कण आधी तिथेच अडकतो. मी ते काढून टाकले. उलट्या बाटल्या आणि सलाईनच्या नळ्या दोन-चार दिवस बाहेर जायचं असेल तेवढ्यापुरत्या, त्यापलीकडे नाही.

टायमर

हा घेताना एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच टायमरमधला व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबावरच बंद होतो. ड्रमवर लावला तर तो नीट मिटत नाही आणि थेंब-थेंब चालू राहतो. टाकीसाठी आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असलेला, शून्य दाबावर चालणारा टायमर मागायचा. नळावर दोन्ही चालतात. पण पहिले पंधरा दिवस टायमरच लावू नका. हाताने कॉक उघडून दोन बोटं मातीत घालून बघा. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, कधी येतो हे कळल्याशिवाय टायमरला वेळ सांगणार कुठून?

फिल्टरला मात्र दोन्हीकडे पर्याय नाही. 120 मेशची (इंचाला 120 छिद्रं इतकी बारीक) जाळी किंवा डिस्क फिल्टर, आणि नळीच्या टोकाला उघडता येणारं बूच, म्हणजे महिन्यातून एकदा गाळ धुऊन काढता येतो. ड्रम पारदर्शक नको, उजेडाने शेवाळ धरतं. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो. शेणखताचं पाणी वगैरे या नळ्यांतून अजिबात नको, ते मग्याने घाला.

माझं विचाराल तर, कुंड्या एका पातळीत आणि वीसच्या आत असतील तर ड्रम, नाहीतर नळ. दहाच्या आत असतील आणि रोज घरी असाल, तर झारी आहेच. जे बसवाल त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक पेला दहा मिनिटं ठेवा. नळावर ताशी 2 लिटरच्या ड्रिपरने सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास भरायला हवा. ड्रमवर आकडा कमीच येईल, पण दोन पेले सारखे दिसायला हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर नळी आखूड करा किंवा मधोमध पाणी जोडून दोन फाटे काढा.